पार्श्वभूमी : मुलांच्या मेंदूतील ‘साध्या’ गाठीमागची जनुके

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारी मेंदूची गाठ म्हणजे पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती पहिल्या श्रेणीत, म्हणजे सर्वांत सौम्य गटात येते. निदानानंतर दहा वर्षांनीही ९० टक्क्यांहून अधिक मुले हयात असतात. तरीही या गाठीने डॉक्टरांना शतकभर चकवले आहे.

सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाली. हार्वे कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९३१ मध्ये लहान मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसायटोमाच्या ७६ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मेंदूची गाठ म्हणजे मृत्यू, असे समीकरण असण्याच्या त्या काळात ही गाठ नीट काढली तर मूल वर्षानुवर्षे ठणठणीत राहू शकते, हे त्यातून दिसले. पण हीच गाठ दृष्टिचेतेवर (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर) किंवा मेंदूच्या खोडाजवळ असली, तर सुरी पोहोचत नाही. मग नजर जाते, पाणी साचून डोक्यातला दाब वाढतो. नुसत्या श्रेणीवरून पालकांना धीर देणे म्हणूनच मला अपुरे वाटते.

सूक्ष्मदर्शकाने गोंधळ वाढवलाच. मोठ्या माणसाच्या ग्लायोमात (मेंदूतील आधारपेशींच्या गाठीत) रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ दिसली, की पॅथॉलॉजिस्ट सावध होतो. मुलांच्या या गाठीत तेच चित्र दिसते आणि त्याचा अर्थ तसा वाईट नसतो. दिसण्यावरून वागणूक ठरेना.

२००० नंतर मायक्रोअ‍ॅरे आले. हजारो जनुकांपैकी कोणती गाठीत जास्त बोलतात, कोणती गप्प आहेत, हे एकाच वेळी मोजता येऊ लागले. २००७ मध्ये सेंट लुईसच्या डेव्हिड गटमन यांच्या गटाने दाखवले, की मोठ्या मेंदूच्या भागातील आणि लहान मेंदूतील पायलोसायटिक गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसल्या, तरी त्यांची जनुकीय अभिव्यक्ती वेगळी असते. मेंदूच्या ज्या भागात गाठ उगवली, त्या भागाचा ठसा तिच्या पेशींवर राहतो.

मूळ बिघाड मात्र २००८ मध्ये हाती लागला. सातव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा दुप्पट होतो आणि बीआरएएफ हे जनुक केआयएए१५४९ या जनुकाला जोडले जाते. या जोडजनुकातून बनणाऱ्या प्रथिनावरचा लगाम सुटलेला असतो, त्यामुळे पेशीला ‘वाढ’ हा आदेश अखंड मिळत राहतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ हा जनुकीय आजार असलेल्या मुलांना दृष्टिचेतेच्या गाठी का होतात, याचेही उत्तर याच साखळीत आहे: त्यांच्यात लगाम एक पायरी आधीच, एनएफ१ जनुकातून, सुटलेला असतो. २०१३ मध्ये मोठ्या संख्येने गाठींचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा जवळपास प्रत्येक गाठीत वाढीचा आदेश पोहोचवणाऱ्या याच साखळीवर, म्हणजे एमएपीके मार्गावर, कुठे ना कुठे बिघाड सापडला. कर्करोगाच्या क्षेत्रात इतका एकसुरीपणा विरळाच.

आदेश अखंड असेल, तर गाठ भराभर पसरत का नाही? याचे उत्तर मला या साऱ्या इतिहासात सर्वांत रोचक वाटते. २०११ मधील अभ्यासांनी सुचवले, की इतक्या चिथावणीला पेशी पी१६ हे प्रथिन वाढवून प्रतिसाद देते आणि विभाजन थांबवते. पेशी मरत नाही, अकाली म्हातारी होते. काही गाठी वर्षानुवर्षे तशाच पडून का राहतात, याचा काही अंशी उलगडा इथे होतो.

औषधांचा मार्ग सरळ नव्हता. बीआरएएफसारखी प्रथिने रोखणाऱ्या सोराफेनिब या औषधाची मुलांवरील चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण गाठी उलट वेगाने वाढल्या. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. बिघडलेली प्रथिने जोडीने काम करतात आणि एकाला औषध चिकटले, की दुसरे अधिक चेकाळते. त्यानंतर साखळीतली पुढची कडी, एमईके, रोखणाऱ्या औषधांकडे लक्ष वळले. बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा एका ठिकाणचा बदल असलेल्या मुलांच्या कमी श्रेणीच्या ग्लायोमासाठी डॅब्राफेनिब व ट्रामेटिनिब या जोडीला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा उद्भवलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या गाठींसाठी टोव्होराफेनिब आले. ते जोडजनुक असलेल्या गाठींवरही चालते. औषध बंद केल्यावर काही मुलांत गाठ पुन्हा वाढू लागते. त्यामुळे ते किती काळ द्यायचे, हा प्रश्न अजून खुलाच आहे.