सिंधूच्या जबाबाआधी

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाच्या शेवटी सिंधू मरणाच्या दारात असते. डोक्याला जखम नवऱ्याच्या हातची, तान्हं मूल त्याच्याच हातून गेलेलं, आणि तरीही सुधाकरला वाचवण्यासाठी ती फौजदारापुढे खोटं बोलते. ठाण्यात आमच्या पदवीच्या वर्गात यंदा या प्रवेशाचं वाचन संपल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, हा जबाब मी परत लिहू का?” त्या एका प्रश्नातून वर्गाच्या लेखनाची वही उभी राहिली. कुणी नाटकातल्या गीतेचं पत्र लिहिलं, कुणी तिच्या दारुड्या नवऱ्याची, तळीरामाची, बाजू मांडली, कुणी गडकऱ्यांशी सरळ भांडण काढलं. ही वही वाचण्याआधी तिच्या मागची गोष्ट सांगायला हवी, कारण शोकांतिकेला तरुणांनी लिहून उत्तर देणं मराठीत नवं नाही. आपली शोकांतिका मुळात तशीच घडली.

संस्कृत नाट्यपरंपरेला रंगमंचावरचा मृत्यू मान्य नव्हता. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद सोडला, तर नाटकाचा शेवट गोडच व्हायचा. १८६१ साली ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं आणि माधवरावांचा मृत्यू, रमाबाईंचं सहगमन मराठी नाटकात आलं. नाटककार विनायक जनार्दन कीर्तने तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेले होते. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ‘ऑथेल्लो’चं भाषांतर छापून आलं. याच नाटकावरून देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ लिहिलं.

यांच्या मधल्या काळातला आगरकरांचा ‘विकारविलसित’ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. कॉलेज सोडून फार वर्षं झाली नव्हती. त्या कोठडीत आगरकर ‘हॅम्लेट’ मराठीत आणत होते. राजपुत्राचा चंद्रसेन झाला, आणि पुस्तकाला आगरकरांनी विस्तृत प्रस्तावनाही जोडली. भाषांतर करणारा आणि चिकित्सा करणारा माणूस इथे एकच आहे. नाटक आपल्या भाषेत पुन्हा लिहिताना त्याच्याशी वादही घालता येतो, हे त्यांनी करून दाखवलं.

पुढे ही दोन कामं वेगळी झाली आणि त्याला परीक्षापद्धती बरीच कारणीभूत आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथून बाहेर गेलेली मराठी न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रयत्नांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उच्च शिक्षणात परतली. नाटकं अभ्यासक्रमात आली आणि त्यांच्यासोबत ‘सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्नही आला. त्याचं गाईडमधलं उत्तर पिढ्यान् पिढ्या तेच राहिलं: सोशिक, पतिव्रता, आदर्श भारतीय स्त्री. नव्याने लिहून पाहण्याची हौस मग एकांकिकांकडे वळली. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू आहे, मुंबईतही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा उभ्या राहिल्या. म्हणजे वर्गात टीका आणि तालमीच्या खोलीत सर्जन. दोन्हीकडची मुलं बहुधा तीच असत, हे फारसं कुणी लक्षात घेतलं नाही.

‘एकच प्याला’कडे आम्ही वळलो त्याला ठाण्याचंही एक कारण आहे. मासुंदा तलावाकाठी १९७८ पासून उभं असलेलं राम गणेश गडकरी रंगायतन मुलांना रोज दिसतं, पण बऱ्याच जणांना ते नाव फक्त पत्ता म्हणून ठाऊक असतं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात हे नाटक रंगभूमीवर आणलं. पदं वि. सी. गुर्जरांची. उंची शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व सिंधूसाठी जुनेराला ठिगळं लावून जात्यावर बसले आणि प्रेक्षक रडले. तळीराम तर नाटकातून निघून भाषेतच शिरला. दारुड्याला आजही वर्तमानपत्रं तळीराम म्हणतात.

सिंधू मात्र लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्यातच राहिली. नवऱ्याच्या शब्दाखातर ती माहेरची मदतही नाकारते. तिच्याशेजारी गडकऱ्यांनी तळीरामाची बायको गीता उभी केली आहे, तोंडावर बोलणारी, दारूला दारू म्हणणारी. नाटकाच्या पोटातच हा प्रतिवाद ठेवलेला असताना स्वभावचित्राच्या उत्तरांत गीतेला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचा मला दरवर्षी त्रास होतो. यंदा अकरा जणांनी तिच्यावर लिहिलं. सुधाकराबद्दलही मुलांनी घाई केली नाही. मुन्सफाचा अपमान केल्याबद्दल सनद काही काळ स्थगित झालेला हुशार वकील पहिला पेला का उचलतो, यावर एका मुलाने चार पानं लिहिली. त्याचे वडील कारखाना बंद पडल्यावर प्यायला लागले होते, एवढंच एक वाक्य त्यात घरचं होतं.

आणि तो जबाब. मुलीने तो तीनदा लिहिला. पहिल्यात सिंधू खरं सांगते आणि सुधाकरला बेड्या पडतात. दुसऱ्यात तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा माहीत असतो. तिसऱ्यात ती गडकऱ्यांनी दिलेलंच खोटं बोलते, पण फौजदार जबाब लिहून घेताना थांबतो आणि विचारतो, “बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”