कोर्ट नाक्यावर वकीलसाहेबांचा कुत्रा झाला तर

१९५९ साली डिस्ने कंपनीने एक गमतीदार कौटुंबिक सिनेमा काढला होता. वस्तुसंग्रहालयातली जुनी अंगठी एका पोराच्या हाती लागते, तिच्यावरचा लॅटिन मंत्र तो मोठ्याने वाचतो आणि त्याचा ओल्ड इंग्लिश शीपडॉग होतो. डोळे झाकून टाकणारी झुलपं असलेला तो धिप्पाड, केसाळ कुत्रा. १९७६ साली याचा दुसरा भाग आला. तोवर पोरगा मोठा होऊन वकील झालेला, बायको आणि मुलगा असलेला, वर सरकारी वकिलाच्या पदासाठी निवडणुकीला उभा राहिलेला. अमेरिकेत हे पद मतदानाने भरतात. अंगठी चोरीला जाते, मंत्र वाचणारा कुणी दुसराच असतो आणि इकडे भर कार्यक्रमात साहेबांच्या अंगावर केस उगवू लागतात.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही असं मला वाटतं. तिला विज्ञानाचे प्रश्न विचारले तर आपल्या दारातल्या कुत्र्याबद्दल फार सुंदर माहिती हाती लागते. म्हणून हे कुटुंब नौपाड्यात आणू. वकीलसाहेब ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतात, वजन ८० किलो, घरी बायको आणि शाळकरी मुलगा. दुपारी कोर्ट नाक्यावर चहा पिताना कुठेतरी कुणीतरी मंत्र वाचला आणि साहेबांचा ४० किलोचा शीपडॉग झाला.

पहिली अडचण वजनाची. उरलेले ४० किलो गेले कुठे? वस्तुमान नाहीसं होत नाही. ते ऊर्जेत बदललं असं म्हणावं, तर आइनस्टाइनच्या सूत्राने हिशेब होतो सुमारे ८६० मेगाटन टीएनटीचा. सोव्हिएत संघाने १९६१ साली फोडलेला इतिहासातला सर्वांत मोठा अणुबॉम्ब ५० मेगाटनांचा होता, म्हणजे हा स्फोट त्याच्या सतरा पट. कोर्ट नाका, ठाणे आणि मुंबई, काहीच उरणार नाही. तेव्हा अंगठीला एवढी सवलत देऊन पुढे जाऊ.

दुसरी अडचण वेळेची. रूप पालटणं निसर्गाला नवीन नाही. लिंबाच्या पानावरची अळी कोषात शिरते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फुलपाखरू होऊन निघते. पण पंख, पाय, मिश्या यांचे पेशींचे छोटे पुंजके त्या अळीच्या अंगात आधीपासूनच झोपलेले असतात. कोषात जुनं शरीर बरंचसं विरघळतं आणि त्यावर हे पुंजके वाढतात. माणसाच्या पोटात असं कुठलंही कुत्रं झोपलेलं नसतं. आपल्या आणि कुत्र्याच्या वंशाची वाट सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. आपली ४६ गुणसूत्रं, त्याची ७८. त्याच्या पुढच्या पायाला कामाचं गळपट्टीचं हाड नसतं आणि तो तळपायावर न चालता बोटांवर चालतो, म्हणून ज्याला आपण मागचा उलटा गुडघा समजतो तो खरं तर त्याचा घोटा असतो. २००५ साली टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा त्यात सुमारे २४० कोटी अक्षरं निघाली. एका पेशीतलं एवढं लिखाण बदलायचं, आणि मग तेच शरीरातल्या लाखो कोटी पेशींत.

केसांचं मात्र तुलनेने सोपं निघालं, आणि मला ही गोष्ट फार आवडते. २००९ साली शास्त्रज्ञांनी ८० जातींच्या हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली. गुळगुळीत डॅक्सहुंडपासून कुरळ्या पूडलपर्यंत केसांचे जे असंख्य प्रकार दिसतात, त्यातले बहुतेक अवघ्या तीन जनुकांच्या जुळणीतून येतात असं दिसलं. एक जनुक लांबी ठरवतं, दुसरं मिशा-भुवयांची झालर, तिसरं कुरळेपणा. लांबी आणि झालर एकत्र आली की तोंड झाकणारा झुबकेदार अवतार तयार. सिनेमातला सगळ्यात डोळ्यांत भरणारा बदल जनुकांच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त आहे.

आता साहेब चार पायांवर जांभळी नाक्याच्या दिशेने निघाले. सिनेमात ते रस्ता आपल्यासारखाच पाहतात. खऱ्या कुत्र्याला तो तसा दिसणार नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यांत दोन. निळा आणि पिवळा त्याला छान कळतो. लाल आणि हिरवा मात्र मळकट पिवळ्या-तपकिरीत मिसळून जातात. फुलवाल्यांकडचा झेंडू पिवळा दिसेल, पण लाल गुलाब आणि त्याची पानं यांत रंगाचा फरक फारसा उरणार नाही. नजरेची धारही बोथट. धडधाकट माणूस ७५ फुटांवरून वाचेल ती पाटी साहेबांना २० फुटांवर जाऊन बघावी लागेल. बदल्यात अंधारात ते आपल्यापेक्षा सरस, कारण डोळ्यामागचा चकाकणारा पडदा आलेला उजेड पुन्हा एकदा पेशींवर टाकतो. रात्री गाडीच्या दिव्यात कुत्र्याचे डोळे चमकतात ते यामुळेच.

कानांची हद्द आपली २०,००० हर्ट्झपर्यंत, त्याची साधारण ४५,००० पर्यंत. उंदीर घाबरले की सुमारे २२,००० हर्ट्झच्या आसपास ओरडतात. आपल्याला शांत वाटणाऱ्या धान्याच्या दुकानात पोत्यांमागे चाललेली त्यांची हाकाटी साहेबांना ऐकू येईल.

पण खरा भूकंप नाकात होईल. रस्त्यावरचा एखादा कुत्रा धुळीत नाक खुपसून हुंगत असेल तेव्हा जरा वाकून त्याच्या नाकपुड्या बघा. प्रत्येक नाकपुडीला बाहेरच्या अंगाला स्वल्पविरामाच्या आकाराची एक फट असते. हवा आत जाते ती समोरच्या गोल भोकातून, आणि उच्छ्वास त्या फटींतून बाजूला आणि मागे सोडला जातो. त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही, उलट ती मागे जाणारी हवा पुढची ताजी हवा नाकाकडे ओढून घेते. कोरड्या धुळीत हे डोळ्यांनी दिसतं: तोंडासमोरची माती जागच्या जागी राहते आणि दोन बाजूंना धुळीचे बारीक लोट मागे सरकतात. हे सगळं सेकंदाला सुमारे पाच वेळा.

आतली रचना आणखी चकित करणारी आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या अभियंत्यांनी कुत्र्याच्या नाकाची एमआरआय चित्रं घेऊन त्यातला हवेचा प्रवाह संगणकावर मांडला. आत शिरल्यावर हवेचे दोन रस्ते होतात. बरीचशी फुफ्फुसांकडे जाते आणि सुमारे १२ टक्के हवा एका वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या खोलीत जाते. तिथे कागदासारख्या पातळ हाडांची दाट गुंडाळी असते आणि तिच्यावर वासाच्या पेशींचं अस्तर. हुंगणं थांबेपर्यंत ती हवा तिथेच रेंगाळते. आपल्याकडे वास घेण्याची जागा श्वासाच्या वाटेवरच, वरच्या कोपऱ्यात एका लहानशा पट्ट्याएवढी. आपल्या वासाच्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात मानतात, कुत्र्याच्या जातीनुसार वीस-तीस कोटींपर्यंत. वास ओळखणारी चालू स्थितीतली जनुकं आपल्याकडे सुमारे ४००, त्याच्याकडे त्याच्या दुप्पट.

याचा अर्थ जांभळी नाक्यावर काय होईल ते बघा. साहेबांना बाजाराचा एकच वास येणार नाही. कोथिंबिरीची जुडी, ती बांधलेली सुतळी, ती बांधणाऱ्याचे हात, त्या हातांनी सकाळी ओढलेली विडी, हे सगळं सुटं सुटं येईल. शिवाय वासाला वेळ असतो: पावलाचा ठसा जुना होतो तसा फिका पडतो, आणि कुत्रा हा फिकेपणा वाचतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माग काढायला शिकवलेल्या कुत्र्यांना माणूस कुठल्या दिशेने गेला हे ओळखायला त्याची फक्त पाच पावलं पुरली. तीन पुरली नाहीत. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या पावलामध्ये गेलेल्या एखाद-दोन सेकंदांत वासात जो फरक पडतो, तो त्या नाकाला कळला. तलावपाळीच्या कट्ट्याजवळ साहेबांना बायकोच्या चपलांचा माग लागला, तर ती मासुंदा तलावाकडून गोखले रोडच्या दिशेने गेली हे त्यांना कुणाला विचारावं लागणार नाही.

इथेच सिनेमाचं मूळ गृहीतक डळमळतं. अंग कुत्र्याचं झालं तरी आतला वकील शाबूत राहतो, तो विचार करतो, बोलतोसुद्धा, असं त्यात धरलं आहे. मला सगळ्यात अशक्य वाटतं ते हेच. माणसाच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात सुमारे १६०० कोटी चेतापेशी असतात. २०१७ साली कुत्र्याच्या मोजल्या तेव्हा त्या सुमारे ५३ कोटी भरल्या. मांजरापेक्षा दुप्पट, पण आपल्या तिसाव्या हिश्श्याएवढ्या. दिवाणी प्रक्रिया संहिता, अशिलांचे चेहरे, मुलाच्या शाळेची फी भरायची तारीख हे सगळं तिथे राहणार कुठे? आणि राहिलंच, तरी त्या मेंदूचा आपल्यापेक्षा बराच मोठा वाटा वासाच्या कामाला जुंपलेला. वकिलाच्या डोक्यात कुत्र्याचं नाक घालता येत नाही आणि कुत्र्याच्या अंगात वकिलाचं डोकं. इंद्रियं बदलली की त्यांच्यावर उभं असलेलं मनही बदलतं. आपल्याकडे जेजुरीला खंडोबाचे वाघ्या स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, कोटंबा म्हणजे भिक्षेचं पात्र भरताना भुंकतात. ते माणूस राहूनच कुत्र्याचा भाव अंगी आणतात, आणि मला वाटतं एवढंच माणसाला जमण्यासारखं आहे.

दुपारचे तीन वाजलेत हेही विसरून चालणार नाही. शीपडॉग ही इंग्लंडच्या थंडीतली जात. कुत्र्याला घाम येतो तो पायांच्या गाद्यांना, बाकी सारी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. मिनिटाला तीनशेच्या पुढे धापा टाकून तो तोंडातला ओलावा उडवतो आणि त्यातून अंग गार करतो. ठाण्याच्या मे महिन्यात हवाच ओलीचिंब असते, ओलावा उडायला जागा नाही. अशा दमट उन्हात केसाळ कुत्र्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. ज्यांच्या घरी हस्की किंवा सेंट बर्नार्ड आहे त्यांनी हे फार मनावर घ्यावं. त्याला दुपारी फिरवणं म्हणजे त्याचा छळ आहे.

साहेब कसेबसे नौपाड्यात पोचले आणि बंद दाराबाहेर भुंकू लागले. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी लोकांना नुसत्या भुंकण्याच्या ध्वनिफिती ऐकवल्या होत्या. कुत्रा एकटा बांधलेला आहे, खेळतो आहे की परका माणूस आला आहे, हे लोकांनी नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून बरंच बरोबर ओळखलं, कधी कुत्रा न पाळलेल्यांनीही. तेव्हा आत बसलेल्या बायकोला आपला नवरा आलाय हे कळणार नाही, पण बाहेर एकटा, अडचणीत सापडलेला कुत्रा आहे हे बहुधा कळेल.

दार उघडल्यावर साहेब भुवया उंचावून बघतील. हे त्यांना जमेल, कारण कुत्र्याच्या डोळ्यावर आतली भुवई उचलणारा एक छोटा स्नायू असतो. २०१९ साली लांडग्यांची आणि कुत्र्यांची शवविच्छेदनं ताडून पाहिली, तेव्हा लांडग्यांत त्या जागी जेमतेम काही धागे सापडले. माणसाबरोबर राहता राहता हा स्नायू कुत्र्यात आला आणि टिकला. त्याने डोळे मोठे, लहान मुलासारखे दिसतात आणि आपल्याला राहवत नाही. साहेबांची झुलपं मात्र आधी कुणीतरी बाजूला सारायला हवीत.

राहवलं नाही की आपण खायला घालतो, आणि इथे जपायला हवं. कांदेपोहे, मिसळ, कांद्याची भजी काहीही नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजवून उपयोग नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं निकामी करू शकतात, म्हणून मनुका घातलेला शिरा नको. मुलाच्या दप्तरातलं चॉकलेटही नको, त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीराला लवकर बाहेर टाकता येत नाही. पोळी चालेल. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत, कारण शेती करणाऱ्या माणसाच्या उष्ट्यावर त्याच्या पिढ्या वाढल्या. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ती कथा आपल्या घराघरांत सांगतात. साहेबांच्या पोळीला तूप बेतानेच लावावं. जास्त स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि रात्री-बेरात्री प्राण्यांचा डॉक्टर शोधावा लागतो.