अपिलात शिक्षा रद्द होणे (विदर्भ)

खालच्या कोर्टानं दोषी ठरवलेला माणूस वरच्या कोर्टात निर्दोष ठरतो तेव्हा गावाकडं लोकं सरळ म्हणतात "नागपुरातून सुटला", कारण विदर्भातल्या 11 जिल्ह्यांच्या सेशन कोर्टांनी दिलेल्या शिक्षेवर अपील होतं ते मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली असेल तर आधी सेशन कोर्ट. हायकोर्टाची मुदत 60 दिवस, फाशी असेल तर 30, उशीर झाला तर कारण दाखवून माफ करून घेता येतो. जेलमधूनही अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं आणि कैद्याला फुकट वकील मिळायचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. गडचिरोलीतल्या सिरोंचा, भामरागडकडच्या कैद्यांच्या घरच्यांना हे कोणी नीट सांगत नाही म्हणून आधीच लिहिलं.

अपिलात केस नव्यानं चालत नाही, साक्षीदार बहुतेक परत येतच नाहीत, येतात ते कागद. म्हणून निकाल नागपूरला लागतो पण केस बिघडते ती पहिल्या दिवशी, वावरात पंचनामा होतो तिथंच. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, फक्त आरोपीनं सांगितल्यावरून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरतं बोलणं धरतात, त्यामुळं "आरोपीनं तणसाच्या ढिगातून कुऱ्हाड काढून दिली" हा मेमोरंडम पंचनामा खुनाच्या कितीतरी केसेसचा कणा असतो. मग पंच फितूर होतो किंवा सांगतो की सही ठाण्यात घेतली, मुद्देमाल सील केल्याचा पुरावा नसतो, सीए (केमिकल अॅनालायझर) म्हंजे रासायनिक तपासणीच्या रिपोर्टमधे रक्ताचा गट लागत नाही, आणि कुऱ्हाड तर इथं प्रत्येक कास्तकाराच्या घरी असते. डोळ्यांनी पाहणारा कोणी नसेल तर पुराव्याची साखळी कुठंही तुटता कामा नये, हे सुप्रीम कोर्टानं शरद सारडा केसमधे 1984 लाच सांगितलंय.

भाषेचा प्रश्न तर फार मोठा. आरोपी गोंडी किंवा मेळघाटातला कोरकू बोलणारा, साक्ष मराठीत लिहिली जाते, हायकोर्टात तिचा इंग्रजी तर्जुमा वाचला जातो. समोर चाललंय ते आरोपीला समजेल अशा भाषेत सांगायलाच पाहिजे असं कायदा म्हणतो. दुभाषी नीट नसेल तर तो माणूस स्वतःच्याच खटल्यात मुका बसतो, आणि याला न्याय म्हणता येत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांचं. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून गडचिरोली सेशन कोर्टानं मार्च 2017 मधे त्यांना दोषी ठरवलं, 14 ऑक्टोबर 2022 ला नागपूर खंडपीठानं यूएपीए म्हंजे दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवायला सरकारची मंजुरीच नीट नव्हती म्हणून सोडलं, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, एप्रिल 2023 ला केस परत पाठवली, आणि 5 मार्च 2024 ला खंडपीठानं सगळ्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. साईबाबांच्या दिल्लीतल्या घराच्या झडतीला निरक्षर पंच घेतला होता, त्यावरही कोर्टानं शंका घेतली. त्या पाचांतला पांडू नरोटे हा निकाल ऐकायला नव्हता, तो 2022 मधेच कैदेत असताना वारला होता. साईबाबा सुटल्यावर ऑक्टोबर 2024 मधे गेले.

पण वरचं कोर्ट सोडतं म्हंजे दरवेळी न्यायच होतो असं नाही. 1972 मधे देसाईगंज पोलीस ठाण्यात (तेव्हा चंद्रपूर जिल्हा) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सेशन कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, का तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही. ठाण्यात रात्री पोलिसांपुढं ती पोरगी ओरडणार तरी कशी? 1979 ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्ट आता तेच गृहीत धरतं.

सुटलेल्याला भरपाई द्यायलाच पाहिजे असा वेगळा कायदा भारतात नाही, लॉ कमिशननं 2018 च्या 277 व्या रिपोर्टमधे तो करा म्हणून सांगितलं होतं. 2019 मधे सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना सोडलं, ज्यांना 2009 मधे त्याच कोर्टानं फाशीची शिक्षा दिली होती, आणि राज्य सरकारला प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. असा आदेश क्वचितच निघतो. बाकीचे सुटतात तेव्हा वावर वकिलाच्या फीत गेलेलं असतं, आणि गावात "पैसे चारून सुटला" हेच ऐकावं लागतं.