विसण किती घालायचं?

आमच्या गीझरची कॉइल दोन वर्षांत दुसऱ्यांदा गेली. इलेक्ट्रिशियनने जुनी बाहेर काढली, तर ती धातूची आहे हेच ओळखू येईना. सगळीकडे पांढरट, खडबडीत कवच, भिंतीचा पोपडा गुंडाळल्यासारखं. स्क्रू-ड्रायव्हरने टकटक केल्यावर त्याच्या खपल्या गळून पडल्या. नवी कॉइल बसवून त्याने बटणाकडे बोट दाखवलं, "काका, कितीवर ठेवू?"

"बाकीचे कितीवर ठेवतात?"

"सगळे फुल्लच ठेवतात."

फुल्ल म्हणजे बहुतेक गीझरमध्ये 70 ते 75 अंश सेल्सिअस. अंगावर घ्यायला आपल्याला पाणी लागतं 38 ते 41 अंशांचं. मधलं अंतर विसणाने, म्हणजे गार पाणी मिसळून, भरून काढायचं. बंब पेटवणाऱ्या पिढीला हे सांगावं लागत नसे. कढत पाणी बादलीत काढून गार पाण्याने सोसवेल इतकं करणं हा आंघोळीचाच भाग होता. आता विसण नळाच्या आत घातलं जातं, म्हणून ते आपल्या डोक्यातून गेलं.

तर हिशेब मांडून बघू. गार पाणी 25 अंशांचं धरा आणि 20 लिटरची बादली 40 अंशांवर हवी आहे. गीझर 60 वर असेल तर साडेआठ लिटरच गरम पाणी लागेल, बाकी विसण. गीझर 45 वर असेल तर मात्र 15 लिटर गरम पाणी लागेल. म्हणजे 15 लिटरच्या टाकीतून 45 वर जेमतेम एक बादली निघते, 60 वर पावणेदोन.

गंमत विजेची आहे. त्या एका बादलीत शिरलेली उष्णता दोन्ही वेळा सारखीच, सुमारे 0.35 युनिट. 20 लिटर पाणी 15 अंशांनी तापवायचं, एवढाच तो मामला; ते कुठल्या वाटेने तापलं याच्याशी विजेला देणंघेणं नाही. "बटण कमी केलं की आंघोळ स्वस्त" हा समज म्हणून अर्धाच खरा. वाचतं ते टाकीत नुसतं पडून राहिलेल्या पाण्याचं. बाथरूममध्ये 27 अंश असतील, तर 60 च्या टाकीला बाहेरच्या हवेपेक्षा 33 अंशांचा फरक, 50 च्या टाकीला 23 चा. उष्णता गळते ती या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे गळती साधारण तीस टक्क्यांनी कमी. पहाटे लावून नऊ वाजता आंघोळीला जाणाऱ्यांनी बटणाकडे नव्हे, घड्याळाकडे बघावं. 2 किलोवॅटच्या गीझरला 15 लिटर पाणी 25 वरून 60 वर न्यायला अठरा-वीस मिनिटं पुरतात.

मग 45 वरच ठेवून द्यावा का? इथे एक जिवाणू आडवा येतो. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथून परतलेले कित्येक जण न्यूमोनियाने आजारी पडले, काही दगावले. पुढे सापडलेल्या त्या जिवाणूला त्या 'लीजन' संघटनेवरूनच लीजनेला हे नाव मिळालं. त्याला आवडतं 20 ते 45 अंशांचं साचलेलं पाणी. पाणी पिऊन तो बाधत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात गेला तर बाधतो. 50 अंशांवर त्याची वाढ थांबते, पण मरायला तास-तास लागतात. 60 वर काही मिनिटांत निकाल लागतो. आपण तर गीझर वापरून बंद करतो, म्हणजे पाणी दिवसभर हळूहळू निवत याच पट्ट्यातून जातं. रोज सकाळी 60 गाठत असेल तर हरकत नाही. कायम 45 वर ठेवलेला गीझर जिवाणू मरायची संधी कधीच देत नाही. धडधाकट माणसाने बादलीतून आंघोळ केली तर धोका कमीच, पण घरात वयस्कर किंवा दम्याचा माणूस असेल तर मी ही जोखीम घेणार नाही.

उलट बाजू भाजण्याची. मोठ्या माणसाच्या कातडीला 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतं, 55 चं अर्ध्या मिनिटात, 49 चं लागायला काही मिनिटं लागतात. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आमच्या आईने हे कधी समजावून सांगितलं नाही, पण क्रम चुकला की ओरडायची.

आणि कॉइल. धरणाचं पाणी तसं हलकं असतं. पण आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, आणि त्यांतलं बरंचसं पाणी बोअरचं, जड. त्यातला विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि न विरघळणारी चुनखडी मागे ठेवतो. पाणी जितकं कढत, तितका थर भराभर. आणि सगळ्यात कढत जागा कॉइलचीच. थरातून उष्णता धड बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि एक दिवस जाते. तापताना गीझर कडकड वाजायला लागला की हेच चाललंय असं समजावं.

मी त्याला 60 वर ठेवायला सांगितलं. पण बटणावर आकडे नव्हतेच, नुसती जाड होत जाणारी पट्टी. म्हणून स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणला, गीझरचा दिवा विझल्यावर मगभर पाणी काढून मोजलं. 68. जरा मागे, पुन्हा तापवलं, 61. तिथे मार्करने रेघ मारली. नातू सुट्टीत येतो तेव्हा 50 वर आणतो आणि आठवड्यातून एकदा, तो झोपलेला असताना, रेघेपर्यंत तापवून घेतो. आम्ही मे महिन्यात गावाहून परतलो की पहिल्या दिवशी शॉवर कोणी सुरू करत नाही. गीझर पुरा तापवायचा, खिडकी उघडायची, आणि नळाने ती टाकी बादलीत हळू सोडून द्यायची. ते पाणी निवलं की फरशी धुवायला.