काळी पाचमधली प्रसन्न चाल: हँडेलच्या एका ऑर्गन कॉन्चेर्टोची पार्श्वभूमी

संगीतकार हँडेलच्या ओपस ४ या छापील संचातला सहावा कॉन्चेर्टो (एका मुख्य वाद्याला वाद्यवृंदाची साथ असलेली रचना) ऑर्गनच्या यादीत आला तो १७३८ साली, लंडनच्या छापखान्यातून. त्याआधी दोन वर्षे तो हार्पचा होता. हँडेलच्या हस्तलिखितावर तसे स्पष्ट लिहिलेले आहे. पहिल्या मूव्हमेंटची, म्हणजे रचनेच्या पहिल्या भागाची, लय संथ असावी की प्रसन्न यावरून आज जे मतभेद आहेत, त्यांचे मूळ या वाद्यबदलात बऱ्याच अंशी सापडते.

१७३५ च्या लेंटच्या उपवासकाळात हँडेल कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात ऑरेटोरिओच्या (अभिनयाशिवाय गायल्या जाणाऱ्या कथानाट्याच्या) दोन अंकांच्या मधल्या वेळात स्वतः ऑर्गनवर बसू लागला. कारण धंद्याचे होते. प्रतिस्पर्धी ऑपेरा मंडळीने आदल्या वर्षी इटलीतला सर्वांत गाजलेला कास्त्रातो (लहानपणी खच्ची करून उंच आवाज टिकवलेला) गायक आणला होता आणि प्रेक्षक तिकडे ओढला जात होता. त्या गळ्याला उत्तर द्यायला हँडेलकडे स्वतःची बोटे होती. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १७३६ रोजी, ‘अलेक्झांडर्स फीस्ट’ या काव्यावरच्या त्याच्या संगीतरचनेचा पहिला प्रयोग झाला. वृत्तपत्राने किमान १३०० प्रेक्षक मोजले. काव्यात टिमोथियस हा वादक लायर (हार्पसारखे जुने तंतुवाद्य) छेडून अलेक्झांडरच्या मनाला हवे तसे वळवतो. त्याचा प्रवेश होताच हार्पचा हा कॉन्चेर्टो सुरू होतो. शेवटाकडे संत सेसिलिया येते, जिच्याकडे ऑर्गनचे जनकत्व दिले जाते, आणि तिथे जी मायनरमधला खराखुरा ऑर्गन कॉन्चेर्टो वाजतो. तोच आज ओपस ४ चा पहिला. दोन्ही वाद्यांच्या भूमिका इतक्या चोख वाटलेल्या असताना प्रकाशकाने सहाचा संच पुरा केला तो टिमोथियसची लायर सेसिलियाच्या हाती देऊन. विक्रीच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. घरी हार्प असणाऱ्यांपेक्षा कळफलक असणारे कितीतरी जास्त होते.

वाद्यवृंदाची मूळ मांडणी पाहिली की अपेक्षित भाव कळतो. व्हायोलिनांवर म्यूट (आवाज मऊ करणारी चिमटी), त्यांच्या जोडीला दोन रेकॉर्डर बासऱ्या, आणि खालचा बास गजाने न वाजवता बोटांनी छेडलेला. हार्पचा भागही बहुतेक ठिकाणी दोनच आवाजांचा आहे, उजव्या हातात धून आणि डाव्या हातात बास. सगळे हलके, मोकळे, हवा खेळती असलेले.

आता पहिल्या मूव्हमेंटवर लिहिलेल्या शीर्षशब्दांकडे: ‘आंदान्ते आलेग्रो’. आजच्या विद्यार्थ्याला आंदान्ते म्हणजे संथ आणि आलेग्रो म्हणजे द्रुत असे शिकवतात, त्यामुळे हे दोन शब्द त्याला एकमेकांच्या विरोधात वाटतात. काही सीडींवर तर मधे आडवी रेघ घालून जणू लय मधेच बदलते असे छापलेले असते. बदलत काहीच नाही. १७०३ मध्ये पॅरिसला निघालेल्या एका संगीतकोशात आंदान्तेचा अर्थ समान पावलांनी चालणे असा दिला आहे. विशेषतः बासमधले सूर सारखे आणि सुटे ठेवावेत असे तिथे बजावले आहे. त्यावर आधारलेला इंग्रजी कोश १७४० मध्ये लंडनला आला. त्यातही भर आहे तो काटेकोर काळावर आणि प्रत्येक सूर समान व स्पष्ट असण्यावर. वेगाबद्दल दोघेही जवळपास गप्प आहेत. हँडेलच्या १७३९ च्या ओपस ६ मध्ये ‘आंदान्ते लार्गेत्तो’ही सापडते, म्हणजे आंदान्ते हा शब्द संथ लयीलाही जोडला जायचा आणि द्रुत लयीलाही. तो चालीची जात सांगतो; वेग आणि वृत्ती शेजारचा शब्द सांगतो. या मूव्हमेंटमध्ये तो शब्द, आलेग्रो, मुळात आनंदाचा आहे. छेडलेल्या बासची सुटी, समान पावले हीच आंदान्तेची खूण, आणि ती पावले खुशीत पडायला हवीत. मला तरी यात संदिग्ध काही दिसत नाही.

आकड्यांचा आधार घ्यायचा तर १७५२ च्या बर्लिनमधल्या एका बासरीग्रंथात नाडीच्या मिनिटाला सुमारे ८० ठोक्यांवर लयी बसवल्या आहेत. आलेग्रेत्तोला (आलेग्रोहून जरा सौम्य लयीला) एका ठोक्याला एक क्वार्टर नोट, म्हणजे पूर्ण स्वराचा पाव काळ. त्याच्या आसपास ही मूव्हमेंट उत्तम चालते. मेट्रोनोमचे पेटंट १८१५ चे. तोवर आंदान्ते हे संथपणाचेच नाव होत गेले होते.

ही प्रसन्नता पट्टीतूनच येते का, हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. बी फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी घेतो आणि रागाचा भाव तसाच राहतो. त्या काळच्या युरोपात भाव पट्टीलाच चिकटवलेले होते, पण त्यावर एकमत नव्हते. १६९० च्या सुमाराच्या एका फ्रेंच यादीत बी फ्लॅट मेजर भव्य व आनंदी आहे. १७१३ ची हॅम्बुर्गची यादी त्याला रंजक आणि दिमाखदार, तरीही विनयशील म्हणते. तिचा कर्ता तोच, ज्याच्याशी १७०४ मध्ये हँडेलचे भांडण तलवारीपर्यंत गेले होते. १७२२ च्या पॅरिसमध्ये मात्र ही पट्टी वादळांची. हँडेलच्या ओपस ४ आणि ७ मधल्या बारापैकी पाच कॉन्चेर्टो बी फ्लॅटमध्ये आहेत, आणि त्या काळच्या पद्धतीने सूर लावलेल्या ऑर्गनवर ही पट्टी गोड लागायची, हे त्यामागचे जास्त ठोस कारण वाटते. आज जुन्या वाद्यांवर ४१५ हर्ट्‌झचा ए सूर (आजचा ४४०चा) धरून वाजवले की आपल्या कानाला पट्टी अर्धा सूर खाली येते. हँडेलचा म्हणून जपलेला ट्यूनिंग फोर्क मात्र ४२२.५ चा आहे.

ऑर्गनवर या मूव्हमेंटची लय उतरते याचे कारण वाद्यातच आहे. हार्पचा सूर छेडताच विरू लागतो. फार हळू वाजवले तर धून तुटते. ऑर्गनचा सूर कळ सोडेपर्यंत तसाच उभा राहतो, त्यामुळे कितीही रेंगाळता येते. त्यात मोठ्या ऑर्गनांच्या काळात पायपट्ट्यांवरचा जड बास आला. हँडेलच्या लंडनमधल्या ऑर्गनांना सहसा पायपट्ट्या नव्हत्या, आणि ओपस ७ चा पहिला कॉन्चेर्टो सोडला तर त्याने पायांसाठी वेगळा भाग लिहिलेला नाही. छेडलेल्या बासच्या जागी हा भार आला की चालण्याची मिरवणूक होते. नुकसान पुढच्या मूव्हमेंटचेही होते: ती जी मायनरमधली लार्गेत्तो आहे, खरी संथ आणि गंभीर. पहिलीच मंदावली तर दोन संथ मूव्हमेंट पाठोपाठ येतात, आणि शेवटच्या आलेग्रो मोदेरातोला सगळी प्रसन्नता एकट्याने पेलावी लागते.