वक्फ मंडळाचा मतदार कोण?

वक्फ म्हणजे इस्लाममध्ये धार्मिक किंवा परोपकारी कामासाठी कायमची दिलेली मालमत्ता. अशा मालमत्तांवर देखरेख ठेवणाऱ्या वक्फ मंडळाच्या निवडणुकीत सामान्य नमाजी कधीच मतदार नव्हता. १९५४ च्या कायद्यात तर निवडणूकच नव्हती, राज्य सरकार सदस्य नेमत असे. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या १९९५ च्या कायद्याने चित्र बदललं. त्याच्या कलम १४ ने चार चिमुकले मतदारसंघ आखले: राज्यातले मुस्लिम खासदार, विधिमंडळातले मुस्लिम सदस्य, राज्याच्या बार कौन्सिलमधले (वकिलांच्या वैधानिक संस्थेतले) मुस्लिम सदस्य आणि वर्षाला एक लाख किंवा त्याहून जास्त उत्पन्न असलेल्या वक्फांचे मुतवल्ली, म्हणजे व्यवस्थापक. प्रत्येक संघातून एक किंवा दोन सदस्य निवडायचे.

पहिल्या तीन याद्या बहुतेक राज्यांत बोटांवर मोजण्याइतक्या. एकच मुस्लिम खासदार असेल तर तो मतदानाविनाच निवडून आला असं कायदाच सांगत असे, आणि एकही नसेल तर माजी खासदारांचा मतदारसंघ करायचा. २०१४ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातून लोकसभेवर एकही मुस्लिम उमेदवार निवडून गेला नाही, हे लक्षात घेतलं की ही तरतूद नुसती कागदी नव्हती हे कळतं.

खरी मेख मुतवल्लींच्या यादीत होती. वक्फाच्या निव्वळ उत्पन्नातून सात टक्क्यांपर्यंत रक्कम मंडळाला द्यावी लागे, म्हणजे उत्पन्न कमी दाखवण्यात फायदा. पण लाखाच्या खाली दाखवलं की मत गेलं! शिवाय नोंदणी आणि हिशेब मंडळाच्याच दप्तरात. पुढचं मंडळ कोण निवडणार, हे आधीच्या मंडळाच्या वह्यांवरून ठरणार असेल तर कोर्टकचेऱ्या व्हायच्याच. त्यात ‘मुतवल्ली’ची कायद्यातली व्याख्या ऐसपैस. दर्ग्याची देखभाल करणारा मुजावर, दर्ग्याच्या गादीचा वारस सज्जादानशीन, वक्फाचा कारभार पाहणारी समिती, सगळे तिच्यात बसतात. मात्र समितीचा साधा सदस्य बसत नाही, पदाधिकारीच लागतो. मग एका मशिदीवर दोन समित्यांनी हक्क सांगितला की यादीत नाव कुणाचं, हा प्रश्न उभा राही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर होता. मराठवाड्यात वक्फ कायद्याखालचं मंडळ आधीपासून होतं, पण उर्वरित राज्यातल्या मशिदी, दर्गे बहुतांशी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले. जानेवारी २००२ मध्ये राज्यभरासाठी एकच मंडळ झालं, औरंगाबादेत मुख्यालय आलं, आणि वाद पेटला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली मंडळाची स्थापनाच रद्द ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळ वाचवलं, पण मुस्लिमांचा प्रत्येक सार्वजनिक न्यास म्हणजे वक्फ नव्हे, हेही स्पष्ट केलं. वरवर हा मालमत्तेचा खटला. मतदार यादीशी त्याचा संबंध थेट होता: संस्था नुसता न्यास ठरली तर तिच्या विश्वस्ताला मत नसे, वक्फ ठरली तर असे.

बार कौन्सिलच्या जागेचा वाद मणिपूरमधून दिल्लीपर्यंत गेला. कौन्सिलचं सदस्यत्व संपलं तरी वक्फ मंडळावरची खुर्ची राहते का? खासदार-आमदारांबाबत २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं होतं की पद गेलं की जागा गेली. वकिलांबाबत कायदा गप्प. मणिपूर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्या मौनाचा अर्थ माजी सदस्याच्या बाजूने लावला. २२ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मुस्लिम असणं आणि कौन्सिलचा विद्यमान सदस्य असणं, दोन्ही अटी हव्यात.

गंमत अशी की हा निकाल आला तेव्हा निवडणूकच कायद्यातून गेली होती. ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १४ बदलून सदस्यांची नेमणूक पुन्हा राज्य सरकारच्या हाती दिली आणि मंडळावर बिगर-मुस्लिम सदस्यही आणले. त्यांची संख्या अकरापैकी तीनपेक्षा जास्त नसावी, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. त्याच आदेशाने दुरुस्तीतली आणखी एक अट थांबवली: वक्फ करणारा किमान पाच वर्षं इस्लामचं आचरण करत असला पाहिजे. ते ठरवायचं कसं, याचे नियम राज्यं करेपर्यंत ती लागू होणार नाही.