‘मॅडन’ची पार्श्वभूमी : अकरा खेळाडूंचा हट्ट आणि नावांची किंमत

एनएफएल, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलची लीग, सप्टेंबरात सुरू होते. त्याच्या थोडं आधी, बहुतेक ऑगस्टमध्ये, तिथल्या दुकानांत ‘मॅडन’ हा व्हिडिओ गेम येतो. त्या वर्षीचे संघ, इकडून तिकडे गेलेले खेळाडू, प्रत्येकाला 99 पैकी दिलेले गुण, सगळं नव्याने भरलेलं. त्या गुणांवरून खरे खेळाडू समाजमाध्यमांवर जाहीर भांडतात. 2018 पर्यंत या मालिकेच्या 13 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

ज्यांच्या नावाने हा गेम ओळखला जातो ते जॉन मॅडन स्वतः एनएफएलचा एकही सामना खेळले नव्हते. फिलाडेल्फिया ईगल्सने 1958 मध्ये त्यांना निवडलं, पण सरावातच गुडघा गेला. पुढे 1969 ते 1978 ते ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षक होते, जानेवारी 1977 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले, आणि नंतर टीव्हीवरचे समालोचक म्हणून घराघरात पोचले. पडद्यावर रेघोट्या मारून कोण कुणाला का अडवतंय हे समजावून सांगणं ही त्यांची खासियत.

हा खेळ व्हिडिओ गेमला का मानवला, हे आधी पाहायला हवं. अमेरिकन फुटबॉल सलग वाहत नाही. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये पुढची चाल ठरवायला वेळ. म्हणजे अर्धा खेळ डोक्यात चालतो. चालींच्या यादीतून एक निवडायची, समोरच्याने बचावासाठी काय निवडलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि मग बटणं दाबायची.

1978 च्या ‘अटारी फुटबॉल’ या आर्केड यंत्रात खेळाडू म्हणजे नुसती X आणि O ही अक्षरं होती, प्रशिक्षक फळ्यावर काढतात तशी. ती पळवायला ट्रॅकबॉल, म्हणजे यंत्रात बसवलेला गोळा, इतक्या जोरात फिरवावा लागे की तळहाताला फोड यायचे. पुढे मॅटेलच्या इंटेलिव्हिजन कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, घरच्या टीव्हीवर फुटबॉल आला. पण खेळाडू मोजकेच. त्या यंत्रांची ताकदच तेवढी होती.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, ही कंपनी 1982 मध्ये ट्रिप हॉकिन्सने काढली. तरुणपणी त्याने वडिलांकडून पैसे घेऊन फुटबॉलचा एक बोर्ड गेम बाजारात आणला होता आणि तो आपटला होता. आकडेमोड फार, हा त्यातला त्रास. संगणक ती आकडेमोड करेल, ही कल्पना तिथूनच त्याच्या डोक्यात बसली. गेमला नाव कुणाचं द्यायचं? जो मोंटाना हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून संघाची चाल चालवणारा खेळाडू, अटारी कंपनीशी बांधलेला होता. प्रशिक्षक जो कॅप यांना विक्रीत वाटा हवा होता. मग मॅडन. त्यांना विमानाची भीती असल्यामुळे ते देशभर रेल्वेने हिंडत, म्हणून 1984 मध्ये हॉकिन्स आणि सहकारी त्यांच्याबरोबर डेन्व्हरहून ओकलंडला जाणाऱ्या गाडीत बसले आणि बोलणी त्या प्रवासात झाली.

हॉकिन्सचा प्रस्ताव कमी खेळाडूंचा होता, कारण ॲपल टू संगणकाला प्रत्येक बाजूला अकरा माणसं झेपणं अवघड. मॅडन यांनी साफ नकार दिला. अकरा विरुद्ध अकरा नसेल तर तो खरा फुटबॉल नाही, आणि त्यावर माझं नाव नको. माझ्या मते या मालिकेची पुढची सगळी कथा या एका हट्टात आहे. ‘खरं’ म्हणजे काय आणि ते ठरवणार कोण, हा वाद तेव्हा सुरू झाला.

त्या हट्टाची किंमत म्हणजे चार वर्षं. रॉबिन अँटोनिक हा प्रोग्रामर झगडत राहिला आणि कंपनीत या प्रकल्पाला ‘ट्रिपचा वेडेपणा’ म्हणू लागले. अखेर 1988 मध्ये ‘जॉन मॅडन फुटबॉल’ ॲपल टूवर आला. अकराच्या अकरा होते, पण गेम संथ होता. पुढच्या वर्षी ईए शेअर बाजारात उतरली तेव्हा मॅडन यांना समभाग घ्यायची संधी मिळाली होती. त्यांनी ती सोडली आणि नंतर तो आपला मूर्खपणा होता असं स्वतःच सांगत राहिले.

गेम खऱ्या अर्थाने चालला तो कन्सोलवर, 1990 मध्ये, सेगा कंपनीच्या जेनेसिसवर. त्यामागची चाल मैदानावरच्या कुठल्याही चालीइतकी धूर्त होती. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक कॅसेटमागे बाहेरच्या गेम कंपनीकडून घसघशीत शुल्क घेत. ईएच्या अभियंत्यांनी सेगाची मदत न घेता जेनेसिस आतून समजून घेतला, आणि मग हॉकिन्सने सेगाला कळवलं की परवाना दिला नाहीत तरी आम्ही गेम काढू शकतो. सेगाने शुल्क बरंच खाली आणलं. शिवाय सेगाचा स्वतःचा जो मोंटानाचा गेम रखडला होता, तोही पूर्ण करून द्यायचं काम ईएकडेच आलं! ईएने तो करून दिला, फक्त आपल्या गेममधल्या उत्तम गोष्टी त्यात घातल्या नाहीत.

जेनेसिसवरच्या मॅडनमध्ये कॅमेरा क्वार्टरबॅकच्या पाठीमागे आणि थोडा वर होता. पास टाकताना पडद्याच्या वरच्या भागात तीन खिडक्या उघडत, प्रत्येकीत एकेक झेलणारा, आणि कंट्रोलरवर ए, बी, सी अशी तीनच बटणं. ज्याच्या अंगावर कुणी नाही त्याचं बटण दाबायचं. कॅमेऱ्याची ही मांडणी इतकी रुजली की खऱ्या फुटबॉलनेही ती उचलली. ऑक्टोबर 2017 मध्ये न्यू इंग्लंडच्या मैदानात दाट धुकं पडलं आणि एनबीसी या वाहिनीने तारेवरून फिरणाऱ्या, क्वार्टरबॅकच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यावरून सामना दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना मॅडनचीच आठवण झाली. ’92 च्या आवृत्तीत तर जखमी खेळाडूला न्यायला येणारी रुग्णवाहिका वाटेतल्या खेळाडूंना चिरडत यायची. त्याचं वास्तवाशी काही देणंघेणं नव्हतं, पण लोक आजही त्याच आवृत्तीची गोष्ट काढतात.

सुरुवातीच्या मॅडनमध्ये खऱ्या खेळाडूंची नावं नव्हती. एनएफएलमध्ये संघांची नावं आणि चिन्हं लीगची, तर खेळाडूंची नावं त्यांच्या संघटनेची. दोन वेगळे परवाने, दोन वेगळ्या तिजोऱ्या. 1989 मध्ये निन्टेंडोवर आलेल्या जपानी ‘टेक्मो बोल’कडे फक्त दुसरा परवाना होता, म्हणून त्यात खेळाडू खरे, पण संघ नुसते शहराच्या नावाचे. त्यातला बो जॅक्सन हा खेळाडू कुणालाच अडवता येत नसे. मॅडनला लीगचा परवाना ’94 च्या आवृत्तीत आणि खेळाडूंची नावं ’95 मध्ये मिळाली. आपल्याकडे ज्यांनी सायबर कॅफेत ईएचाच ‘क्रिकेट 07’ खेळला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. परवाना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचा होता, त्यामुळे भारतीय संघात मोडतोड केलेल्या नावांचे फलंदाज उतरायचे.

प्लेस्टेशन आल्यावर ईए एकदा अडखळली. पहिल्या प्लेस्टेशनसाठीचा मॅडन ’96 जमलाच नाही, तो रद्द झाला आणि सोनीचा ‘गेमडे’ पुढे गेला. तो रद्द झालेला गेम बनवणारा स्टुडिओ होता व्हिज्युअल कन्सेप्ट्स. याच स्टुडिओने 1999 मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलसाठी ‘एनएफएल 2के’ काढला. ईएने ड्रीमकास्टकडे पाठ फिरवली होती, ती जागा भरून निघाली.

2004 च्या उन्हाळ्यात याच मालिकेतला ‘ईएसपीएन एनएफएल 2के5’ फक्त 19.99 डॉलरला विकायला ठेवला गेला. खेळायला तो मॅडनच्या तोडीचा होता, काही बाबतींत सरसच. हे माझं मत, पण एकट्याचं नाही. चाहते त्यात आजही स्वतः नव्या खेळाडूंची यादी भरून खेळतात. ईएला मॅडनची किंमत 29.95 डॉलरवर आणावी लागली. त्याच डिसेंबरात ईएने एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेशी एकाधिकाराचा करार केला. इतर कुणीही खरे संघ आणि खरी नावं घेऊन गेम काढायचा नाही. 2के5 ला पुढचा भाग आला नाही आणि मॅडनची किंमत पुन्हा वर गेली. ग्राहकांनी 2008 मध्ये दावा लावला, तो ईएने 2.7 कोटी डॉलर देऊन मिटवला. करार मात्र वाढत गेला. लीगला एकगठ्ठा पैसा मिळाला, ईएला निर्धास्तपणा. खेळणाऱ्याला काय मिळालं? दरवर्षी थोडासा बदललेला गेम, आणि पुढे गेममधल्या ‘अल्टिमेट टीम’ या प्रकारातली, पैसे मोजून उघडायची खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं.

अँटोनिकही कोर्टात गेला. नंतरच्या आवृत्त्या माझ्या कामावरून बनल्या, मला मानधन दिलं नाही, असा त्याचा दावा. 2013 मध्ये ज्युरीने त्याला 1.1 कोटी डॉलर देऊ केले, पण न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. गेमचे मूळ कोड ज्युरीसमोर आलेच नव्हते.

नावांचा प्रश्न सर्वांत चिघळला तो कॉलेज फुटबॉलमध्ये. ईएच्या त्या मालिकेत विद्यार्थी-खेळाडू पैसे घेऊ शकत नसल्यामुळे त्यांची नावं नव्हती. फ्लोरिडाचा टिम टिबो म्हणजे नुसता ‘क्यूबी 15’. उंची, अंगकाठी, कौशल्य मात्र हुबेहूब. 2009 मध्ये क्वार्टरबॅक सॅम केलर आणि बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी दावे लावले. 2013 च्या आवृत्तीनंतर मालिका बंद पडली, आणि ईए आणि एनसीएए (कॉलेजच्या खेळांची संघटना) यांना मिळून 6 कोटी डॉलर द्यावे लागले. 2021 पासून विद्यार्थ्यांना आपलं नाव आणि चेहरा विकायची मुभा मिळाली. मग जुलै 2024 मध्ये ‘कॉलेज फुटबॉल 25’ आला. प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत. 11,000 हून अधिक जणांनी होकार दिला. टेक्सासच्या आर्च मॅनिंगने आधी नाही म्हटलं, आणि गेम आल्यानंतर, ऑगस्टमध्ये, तोही त्यात आला.